रिमोटवरचं शंटिंग इंजिन आणि ‘सिग्नल तुटला की मोकाट’ हा गैरसमज

फेब्रुवारी २०२४ मध्ये जम्मूतल्या कठुआहून लोको पायलटशिवाय सुटलेल्या मालगाडीचा व्हिडिओ अजून फिरतोय. हल्ली त्याखाली असा मजकूर जोडलेला दिसतो: ‘स्टील प्लँट, सिमेंट कारखाने, वीज केंद्रं यांच्या साइडिंगमध्ये (आवारातल्या खासगी रेल्वे लाइनवर) आता इंजिनं रिमोटवर चालवतात. सिग्नल तुटला की इंजिन मोकाट. मोबाइलवरूनही कुणी ताबा घेऊ शकतो. कॅबमध्ये माणूस नसल्याने पुढचं दिसत नाही. बटणं दाबायला कुणालाही उभं करतात. अमेरिकेने तर बंदीच घातली आहे.’

कठुआच्या गाडीचा रिमोटशी काडीचाही संबंध नव्हता. नेहमीचं डिझेल इंजिन लावलेली ती खडीची मालगाडी उतारावर उभी होती आणि तिला धरून ठेवायला पुरेसे हँड ब्रेक लागलेले नव्हते. कॅब रिकामी असताना ती सत्तर किलोमीटरहून जास्त धावली. त्या घटनेतून शिकण्यासारखं बरंच आहे, पण या मजकुरात नेमकं तेच नाही.

‘सिग्नल तुटला की इंजिन सुटतं’

उलट आहे. ऑपरेटरच्या कमरेला किंवा छातीवर असलेला रिमोटचा सेट फक्त बटण दाबल्यावर बोलत नाही, तो सतत संदेश पाठवत राहतो. प्रत्येक संदेशात त्या सेटचा पत्ता आणि चूक पकडणारा कोड असतो. ठरलेल्या काही सेकंदांत एकही धड संदेश आला नाही, तर इंजिनावरचा रिसीव्हर ट्रॅक्शन (चाकांना मिळणारी ओढ) तोडतो, इंजिन आयडलवर म्हणजे नुसतं चालू राहण्याच्या गतीवर आणतो आणि ब्रेक लावतो. ब्रेकचा व्हॉल्व्ह विजेने बंद धरलेला असतो. वीज गेली की तो उघडतो, त्यामुळे फ्यूज उडाला किंवा वायर तुटली तरी ब्रेकच लागतो. ऑपरेटर पडून सेट आडवा झाला, तर सेटमधला टिल्ट (कलणं ओळखणारा) स्विच आणीबाणीचा ब्रेक लावतो.

पण ब्रेक लागणं वेगळं आणि गाडी थांबणं वेगळं. खरा धोका इथे आहे. शंटिंगमध्ये, म्हणजे यार्डात वॅगन इकडून तिकडे हलवताना, वेळ वाचवायला वॅगनच्या ब्रेकपर्यंत हवा नेणारे होज पाइप बऱ्याचदा जोडतच नाहीत. मग सगळा भार एकट्या इंजिनाच्या ब्रेकवर येतो. हिशेब करून बघा. ६० टनांचं इंजिन आणि भरलेल्या २० बॉक्सएन वॅगन (कोळसा वगैरे वाहणारे उघडे डबे). एक वॅगन सुमारे ८१ टन, म्हणजे इंजिन धरून जवळपास १,६८० टन. पावसाने भिजलेल्या रुळावर चाकाची पकड ०.१५ धरली, तर इंजिनाचा ब्रेक जास्तीत जास्त ९ टनांच्या आसपास जोर देतो. ४०० ला १ (४०० मीटरला १ मीटर) या उतारावर गाडीच खाली ओढते ती ४ टनांनी. चाकांचा स्वतःचा विरोध टनामागे २ किलो, म्हणजे ३ टनांहून थोडा जास्त, तो आपल्या बाजूने. ताशी १० किलोमीटर वेगावरून ही गाडी थांबायला साधारण ८० मीटर घेते. सिग्नल तुटल्याचं ओळखायला आणि ब्रेक सिलिंडरमध्ये हवा भरायला पाच-सहा सेकंद गेले, तर आणखी १५ मीटर. वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यापासूनचं अंतर २० मीटरवर येतं.

आता उतार १०० ला १ करा. गाडी १६-१७ टनांनी खाली ओढते आणि अडवायला जेमतेम १२ टन. ब्रेक पूर्ण लागलेला असतानाही वेग वाढतच जाईल, मग कॅबमध्ये ड्रायव्हर असो वा बाहेर सेट घेतलेला माणूस. भारतीय रेल्वेच्या यार्डात ४०० ला १ पेक्षा तीव्र उतार सहसा चालत नाही, पण कारखान्याच्या आतल्या जुन्या लाइनवर तो कुठेकुठे सापडतो. अशा ठिकाणी होज जोडा, ब्रेक पाइपला ५ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब येऊ द्या, शेवटच्या वॅगनपर्यंत हवा पोचल्याची खात्री करा. रिमोट कितीही महागडा घेतला तरी हे काम सुटत नाही.

आणखी एक गोष्ट, कठुआशी खरं नातं असलेली. सिग्नल तुटून लागलेला ब्रेक हवेचा असतो. इंजिन तसंच बंद करून लोक निघून गेले, तर कंप्रेसर थांबतो, सांध्यासांध्यांतून हवा गळत राहते आणि काही तासांनी ब्रेक ढिला पडतो. नव्या इंजिनांना स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असतो, जुन्यांना नसतो. म्हणून बिघाड दुरुस्त व्हायची वाट बघतानाही हँड ब्रेक आवळायचा आणि चाकाखाली लाकडी पाचरी ठोकायच्या.

‘मोबाइलवरून ताबा घेता येतो’

मोबाइलवरून नाही. भारतात असे सेट बहुधा ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात, आणि इंजिन फक्त जोडलेल्या सेटच्या पत्त्याला दाद देतं. मात्र ही भीती पूर्ण निराधार नाही. पोलंडमधल्या वूच शहरात २००८ मध्ये एका मुलाने टीव्हीचा रिमोट बदलून ट्रामचे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) फिरवले, चार ट्राम घसरल्या आणि बारा जण जखमी झाले. २०१९ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांनी क्रेनच्या रेडिओ रिमोटचे संदेश टिपून पुन्हा सोडता येतात, हे दाखवलं. सेट विकत घेताना ‘प्रत्येक संदेशाचा कोड बदलतो का?’ हे लेखी विचारा. बदलत नसेल तर घेऊ नका. सेट हरवला तर त्याच दिवशी त्याचा पत्ता रिसीव्हरमधून काढून टाका.

‘कॅबमध्ये माणूस नाही म्हणजे आंधळं शंटिंग’

इंजिन वॅगन ढकलत असेल तर कॅबमधल्या ड्रायव्हरला पुढचं काय दिसतं? २० बॉक्सएन म्हणजे २१० मीटरहून लांब भिंत. तो खाली उभ्या शंटरच्या बावट्यावर किंवा वॉकीटॉकीवरच्या आवाजावर चालतो. ‘अजून दोन वॅगन’ ऐकू येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत कपलर (वॅगन जोडणारा आकडा) आदळलेला असतो. सेट घेतलेला माणूस पुढच्या टोकाला उभा राहिला तर डोळा आणि ब्रेक एकाच माणसाकडे येतात. वितळलेल्या लोखंडाच्या लॅडलजवळ (मोठ्या भांड्याजवळ) तर तो लांब उभा राहून काम करू शकतो, हा फायदा मोठा आहे.

फायदा मिळतो तो पुढच्या टोकाला उभं राहिलं तरच. इंजिनाच्या पायरीवर बसून वॅगन ढकलल्या, तर आंधळेपणा तोच राहतो.

‘अमेरिकेने बंदी घातली’

नाही. तिथल्या रेल्वे प्रशासनाने २००१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१२ मध्ये त्यांना नियमांचं रूप दिलं. तिथल्या यार्डांत अशी इंजिनं रोज चालतात.

‘कुणालाही उभं करतात’

हे काही ठिकाणी खरं आहे आणि तिथे तक्रार रास्तच आहे. माणसं कमी करायला सेट घेतला, कंत्राटी हेल्परला दोन तास बटणं दाखवली आणि पाळी सोपवली, हे चुकीचं आहे. फाटक किंवा ट्रकचा रस्ता आडवा येणाऱ्या साइडिंगवर ऑपरेटरसोबतचा दुसरा माणूस कमी करूच नये. ऑपरेटरला ब्रेकचं ज्ञान ड्रायव्हरइतकंच लागतं, शिवाय इंजिनाचा आवाज आणि धक्का अंगाला जाणवत नसल्याने वेग नजरेने जोखावा लागतो.

नेहमीची चूक दिशेची. इंजिनाकडे तोंड करून उभ्या माणसाचं ‘पुढे’ आणि सेटवरचं ‘पुढे’ उलटं पडू शकतं. इंजिनाच्या दोन्ही टोकांना मोठ्या अक्षरांत ‘अ’ आणि ‘ब’ रंगवा, सेटच्या लिव्हरवर त्याच रंगाची खूण करा. दुसरी चूक टिल्टची. कपलरशी वाकताना ब्रेक लागतो म्हणून लोक सेट काढून वॅगनच्या पायरीवर ठेवतात. मग माणूस पडला तरी सेट सरळच राहतो. वाकायचंच असेल तर आधी गाडी थांबवून ब्रेक लावा आणि थोड्या वेळासाठी टिल्ट रोखणारं बटण वापरा. तिसरी गोष्ट पायाखालची: सांडलेला कोळसा आणि उखडलेली खडी. नजर गाडीवर असलेला माणूस तिथेच अडखळतो, रात्री तर हमखास.

पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं द्या. मेन रिझर्व्हायरला (इंजिनावरच्या हवेच्या मुख्य टाकीला) ८ ते १० किलो दाब आहे का बघा. कॅबमधून ताबा रिमोटकडे द्या, हॉर्न वाजवा. चालण्याच्या वेगाने इंजिन हलवून आणीबाणीचं बटण दाबा. थांबल्यावर पुन्हा हलवा आणि या वेळी सेट बंद करा. तिसऱ्यांदा सेट आडवा करा. प्रत्येक वेळी ट्रॅक्शन तुटून ब्रेक सिलिंडरचा दाब चढायला हवा. मग सायलोच्या (उंच साठवण टाकीच्या) मागे किंवा वॅगनच्या दोन भरलेल्या रांगांच्या मधे, जिथे सिग्नल सर्वांत कमजोर असतो, तिथे उभं राहून संपर्क तपासा. यातली एकही गोष्ट चुकली, तर त्या पाळीत सेट कुलुपात ठेवा आणि इंजिन कॅबमधून चालवा.