वाद नाचणारीचा, शिस्त कुणाची?

लावणीच्या कार्यक्रमात हुल्लड झाली की महाराष्ट्रातली चर्चा ठरल्या वाटेनं जाते. आधी नाचणारीचे हावभाव, मग कपडे, मग बंदीची मागणी. खुर्च्या मोडणारे बातमीच्या शेवटच्या ओळीत. ब्युनोस आयरेसमध्ये राहून हे वाचताना टँगो समोर येतोच. हाही बंदराकाठच्या गरीब वस्त्यांतला, कुंटणखान्यांशी नाव जोडलेला नाच. १९१३च्या सुमारास पॅरिसला त्याचं वेड लागलं, तेव्हा कुठे इथल्या बड्या घरांना तो चालू लागला. (परदेशी शिक्क्याची हौस आपल्यालाच आहे असं नाही.)

त्याची अब्रू रोज राखतात ते मिलोंगाचे, म्हणजे टँगोच्या सार्वजनिक नाचाचे, नियम. एकाच वाद्यवृंदाचे चार टँगो सलग वाजतात, तो एक तांदा. मग थोडा वेळ भलतंच संगीत लागतं, तेवढ्यात फरशी मोकळी करायची. पुढची जोडी जमते नजरेनं, बसल्या जागेवरून. समोरच्या बाईनं होकाराची मान डोलावली तर उठायचं, नजर वळवली तर विषय संपला. चारचौघांत नकार द्यायची वेळच येत नाही. वयस्क बायका आणि नवखे यात ताटकळतात, ही तक्रार मात्र खरी आहे.

जोड्या घड्याळाच्या उलट फिरतात. शिकवणीतल्या आठ पावलांच्या पाठात पुरुषाचं पहिलं पाऊल मागे पडतं. गर्दीत ते थेट मागच्याच्या नडगीवर बसतं, म्हणून जाणते ते गाळून दुसऱ्या, बाजूच्या पावलापासून सुरू करतात. पाचव्याला स्त्रीचा डावा पाय उजव्यापुढे आडवा येतो. तिथे नवखा हातानं रेटतो आणि तिचा तोल जातो. खरं तर तिसऱ्याला तो तिच्या बाहेरून गेलेला असतो, छाती तिच्याकडे वळवून. पाचव्याला त्यानं आपलं धड सरळ केलं की तिचा पाय आपोआप येतो.

लावणीत नजरेनं जोडी जमवायची नाही, हे उघड आहे. शिट्ट्या आणि उडणारे फेटे तिचेच. ते काढलेत तर काय उरलं? पण मंच आणि पहिली रांग यांत मोकळी जागा, मंचावर चढणाऱ्याला तिथल्या तिथे बाहेरचा रस्ता आणि तो बाहेर जाईपर्यंत ढोलकी बंद, एवढं तर परवानगीच्या अर्जातच लिहून घेता येईल.