ल्युमेनच्या मागे कशाला लागायचं?

रात्री जंगलात बेडूक-साप बघायला जाताना दोन-तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) टॉर्च घ्या, असं लेखात म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. आंबोलीला पावसाळ्यात धुकं असतं, तिथे असला झोत मारला की समोर नुसती पांढरी भिंत, आणि बेडूक बिचारा दिपून जागच्या जागी बसतो. २००-३०० ल्युमेन, वॉर्म म्हणजे पिवळसर लाइट, बदलता येणारी १८६५० बॅटरी (चार्ज होणारा लिथियम सेल) आणि वॉटरप्रूफ, बास झालं की. टॉर्च कमरेशी नको, कानशिलाजवळ डोळ्यांच्या रेषेत धरा, मग गवतातल्या कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात, नाहीतर दिसतच नाहीत. चापडा (झाडाझुडपांवरचा विषारी साप) मात्र असा चमकत नाही, त्याला फांदी न् फांदी बघत शोधावं लागतं. विंचू यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात चमकतात, त्यांच्यासाठी ३९५ नॅनोमीटरचा छोटा यूव्ही टॉर्च वेगळा ठेवा, स्वस्तात मिळतो. आणि फोटोसाठी सापाच्या तोंडावर लाइट धरून बसणारे असतील ना, त्यांना सोबत नेऊच नका.