वास्कोच्या वाचकाला उत्तर: टॅलोचा तो भाव आला कुठून

नमस्कार, तुमची कमेंट वाचली, तिखट आहे पण चालतं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की अमेरिकेच्या टॅलो (म्हणजे गुराढोरांची वितळवलेली चरबी) आयातीवरच्या लेखात मी दिलेला टनाचा भाव नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरातल्या भावापेक्षा बराच कमी दिसतो म्हणजे चुकलाय, आयात वाढली ती माल स्वस्त होता म्हणून, त्यात धोरणबिरण उगाच घुसडलंय, आणि भारतात चरबी येतच नाही तर गोव्यातल्या माणसाने हे वाचायचं कशाला.

आता तुम्ही स्वतः शिपिंगमधले, तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे कठीणच, पण अमेरिकेचं कस्टम मालाची किंमत धरतं ती बोटीचं भाडं आणि विमा सोडून. आपल्याकडे मुरगावला माल उतरला तर ड्युटी सीआयएफवर, भाडं-विमा आत धरून. आणि टॅलोचं भाडं काही साध्या तेलासारखं नसतं हो, ४०-४५ डिग्रीच्या खाली ती थिजायला लागते, टाकीतल्या कॉइलमधून वाफ फिरवत वाटभर गरम ठेवावी लागते, नाहीतर बंदरात पंप ओढणार काय, डोंबल? तुम्ही माझा भाड्याविनाचा आकडा रॉटरडॅमच्या भाड्यासकटच्या आकड्याशेजारी ठेवलात, फरक दिसणारच.

शिवाय माझा तो आकडा बाजारभाव नाहीच मुळी. महिन्याच्या एकूण डॉलरना एकूण टनांनी भागून आलेली सरासरी आहे ती, आणि कस्टमच्या १५०२ या कोडात गाय-बैल, मेंढी, बकरी सगळ्यांची चरबी एकत्र. समजा १००० टन हलका माल १००० डॉलरने आला आणि २०० टन खाण्याच्या दर्जाचा १६०० ने, तर सरासरी ११००, आणि त्या भावाने कोणीच काही घेतलेलं नसतं! म्हापशाच्या बाजारात स्वस्त तारले नि महाग इसवण एकाच पिशवीत तोलून किलोचा भाव काढावा, तसं. पुढच्या महिन्यात हलका माल जास्त आला की सरासरी खाली, मग भले प्रत्येक ग्रेडचा भाव चढलेला असो. आणि चरबीपासून डिझेल बनवणारे प्लँट नेमका हलका, फ्री फॅटी ॲसिड (चरबी खराब झाली की वाढणारं आम्ल) जास्त असलेला मालही उचलतात, प्लँटमध्ये आधी साफ करून घेतात.

आता धोरण उगाच घुसडलं म्हणता ते. कॅलिफोर्नियाच्या इंधन नियमात टॅलो म्हणजे कत्तलखान्यातला उरलासुरला माल, म्हणून त्याच्या डिझेलचा कार्बन स्कोअर, म्हणजे इंधनामागे किती कार्बन सुटतो तो आकडा, सोयातेलाच्या डिझेलपेक्षा कमी येतो आणि क्रेडिट, म्हणजे विकून पैसे करता येतील असे गुण, जास्त मिळतं. म्हणजे प्लँटवाला नुसता टनाचा भाव बघत नाही, भावातून क्रेडिट वजा करून बघतो. ब्राझीलचा माल तिकडे धावला तो या हिशोबाने. मग २०२४ संपताना अशा डिझेलवरची गॅलनमागे एक डॉलरची जुनी कर-सवलत संपली, जुलै २०२५ च्या कायद्याने ठरलं की २०२६ पासून नव्या सवलतीला कच्चा माल अमेरिका, कॅनडा नाहीतर मेक्सिकोचाच हवा, आणि वर ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलच्या बऱ्याच मालावर टॅरिफ ५० टक्क्यांवर नेलं. आता तिथला कसाई चरबी कितीही स्वस्त देवो, घेणाऱ्याला ती परवडते की नाही ते वॉशिंग्टनमध्ये ठरतं.

भारतात येत नाही, हे मान्य. १९८३ ला वनस्पती तुपात गाईची चरबी निघाल्याचा गदारोळ झाला आणि आयातीची दारं बंद झाली. पण म्हणूनच आपला साबण पामवर चालतो ना! बाहेर चरबी डिझेलच्या टाकीत गेली की तिकडचे साबणवाले, स्टिअरिक ॲसिडवाले पाम स्टिअरिनकडे (पाम तेलातला घट्ट भाग) वळतात, आणि त्याच रांगेत आपण आधीपासून उभे आहोत. २०२४ च्या शेवटी साबण ७-८ टक्के महागला त्याचं खापर मात्र चरबीवर फोडू नका, पाम तेल तेव्हा तेजीत होतंच आणि सप्टेंबरमध्ये आपल्या सरकारने कच्च्या पाम तेलावरची बेसिक ड्युटी शून्यावरून २० टक्के केली होती.

पुढच्या तक्त्यात भाड्यासकटचा आकडा वेगळ्या कॉलममध्ये देतो, अमेरिका तोही छापते. आणि तुमच्या ऑफिसात टॅलोच्या टँकरचं एखादं जुनं भाड्याचं कोटेशन पडलं असेल तर नाव खोडून पाठवा, हीटिंगचा खर्च वेगळा लावतात का ते बघायचंय.