दोन फूट खड्डा, चार किलो मीठ आणि ‘खर्च शून्य’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गोव्यातल्या प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. मजकूर थोडक्यात असा: ‘कुत्रा-मांजर गेलं की दहनवाले भावनेचा फायदा घेऊन लुटतात. गॅस लागतो पाचशे रुपयांचा आणि बिल हजारोंचं. मुंबईत हेच काम महापालिका फुकट करते. राख मिळते तीही कोणाची कोण जाणे. त्यापेक्षा परसात दोन फूट खड्डा खणा, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळा, चार किलो मीठ घालून पुरा, वर आंब्याचं कलम लावा. खर्च शून्य. रात्री गेलं तर घाई नको, सकाळपर्यंत काही होत नाही. पिसाळलेलं असेल तर मात्र लगेच पुरून टाका.’

यातलं मुंबईचं वाक्य खरं आहे. बाकीची निस्तरायला महाग पडतात. सगळ्यांत जास्त नुकसान खड्ड्याच्या सल्ल्याने होतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘दोन फूट खड्डा पुरे.’ वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याच्या देहाचीच जाडी फूटभर असते. दोन फुटांच्या खड्ड्यात त्याच्यावर उरते फूटभर माती. चार-पाच दिवसांत पोट फुगतं, माती वर उचलली जाते, मग खचते आणि फट पडते. त्या फटीतून येणारा वास भटक्या कुत्र्यांना आणि गावाबाहेर असाल तर कोल्ह्यांना बोलावतो. देहावर किमान अडीच फूट माती हवी. म्हणजे मांजरासाठी तीन-साडेतीन फूट, मध्यम कुत्र्यासाठी चार फूट खोल. भरताना वर फूटभर उंचवटा ठेवायचा, कारण माती बसतेच, आणि पहिले दोन महिने त्यावर चिरे रचून ठेवायचे.

आता हे चार फूट खणायचे कुठे? गोव्यातल्या बऱ्याच परसांत दीड-दोन फुटांखाली चिऱ्याचा (जांभ्याचा) खडक लागतो. तिथे फावडं चालत नाही, पहार आणि पिकास लागतो, दोन माणसांचा अर्धा दिवस सहज जातो. त्यांची मजुरी ‘खर्च शून्य’मध्ये कशी बसते ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक. चिरा कठीण असला तरी सच्छिद्र असतो, त्याच्या पोकळ्यांतून पाणी झरझर उतरतं. देहातून निघणारा द्रवही तसाच उतरतो आणि जवळ बांय (विहीर) असेल तर तिच्यात पोचू शकतो. स्वतःच्या असो वा शेजाऱ्याच्या, बांयपासून निदान ५० मीटर अंतर ठेवायचं. ज्या वाड्यात प्रत्येक घराला बांय आहे तिथे हे अंतर मिळतच नाही. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनीच्या) कडेला दोन-तीन फुटांवर पाणी लागतं, आणि किनाऱ्यावरची वाळू आज बुजवली तर उद्या उघडी पडते.

तुलनेसाठी दवाखान्यांचा नियम बघा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत खोल पुरण्याचा खड्डा सुमारे दोन मीटरचा सांगितला आहे. तो निम्माच भरायचा, त्यावर जमिनीच्या ५० सेंटीमीटर खालपर्यंत चुना, मग माती, आणि खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली हवं. नियम दवाखान्यांसाठी आहे, घरच्या परसाला तो लागू नाही. पण सहा मीटरच्या कसोटीवर जुलै-ऑगस्टमधलं किनारपट्टीचं कोणतं परस उतरेल? त्या दिवसांत बांयचं पाणी वाकून तांब्याने काढता येतं. जून ते सप्टेंबर सखल भागात पुरण्याचा विचार सोडून द्यावा, एवढं आमचं स्पष्ट मत आहे. डोंगर-उतारावर, बांयपासून दूर, मातीचा जाड थर असलेलं भाट (बागायतीची जमीन) असेल तर पुरणं हा पूर्णपणे योग्य पर्याय आहे. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) किंवा भाड्याच्या घराची असेल तर आधी विचारायचं. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या बागेकडे बघू नये.

‘चार किलो मीठ.’ खारा बांगडा खाणाऱ्या गोव्यात हे समजावून सांगावं लागतं याचं नवल वाटतं. मीठ मांस टिकवतं. देह लवकर मातीत मिसळावा म्हणून मीठ घालणं म्हणजे नेमकं उलटं काम. वर त्या मिठाने आजूबाजूची झाडं जळतात. चुन्याबद्दलही असाच गैरसमज आहे. चुन्याने देह विरघळत नाही, उलट कुजणं मंदावतं. वास आणि माश्या कमी होतात, म्हणून हवा असेल तर पातळ थर द्या, ढीग नको.

प्लॅस्टिकचं तर विचारूच नका. हवाबंद पिशवीत ओलावा अडकतो, चरबीचा साबणासारखा थर बनतो आणि वर्षा-दोन वर्षांनी नारळ लावायला कोणी खणलं तर पिशवी जशीच्या तशी हाती येते. जुनी सुती चादर किंवा गोणपाट पुरे. पट्टा, साखळी, पॉलिस्टरचं पांघरूण काढून ठेवायचं. दहनाला नेतानाही तेच: पॉलिस्टर आणि रबराची खेळणी भट्टीत वितळून हाडांना चिकटतात आणि धूर काळा होतो.

एक धोका संदेशात नावालाही नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत केलेल्या जनावराच्या अंगात ते औषध राहतं. बार्बिट्युरेट या गुंगीच्या औषधांच्या गटातलं असेल तर उथळ खड्डा उकरून ते मांस खाणारं दुसरं कुत्रंही मरू शकतं. कोणतं औषध दिलं ते डॉक्टरांना विचारा. या गटातलं असेल तर दहनच बरं, नाहीतर चार फुटांवर अजिबात तडजोड नको.

‘पाचशे रुपयांचा गॅस.’ हा हिशेब चहाच्या शेगडीचा आहे. भट्टीच्या आत विटांचं जाड अस्तर असतं. थंड भट्टी आठशे अंशांपर्यंत न्यायलाच पाऊण ते एक तास बर्नर पूर्ण जोरात चालतो, तेव्हा आत देह नसला तरी गॅस जळतोच. पंचवीस किलोच्या कुत्र्याच्या देहात पंधरा-सोळा किलो पाणी असतं. ते बरंचसं उडेपर्यंत देह नीट पेट घेत नाही. पुढे तास-दीड तास जळणं, मग राख काढण्याजोगी होईपर्यंत थंड होणं. धूर जाळायला वरच्या कप्प्यात दुसरा बर्नर असतो तो वेगळाच. लहान भट्टीत एका फेरीला दहा ते पंधरा किलो गॅस जातो. किलोला नव्वद रुपये धरले तरी नऊशे ते साडेतेराशे नुसत्या इंधनाचे. व्यावसायिक सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचं दरपत्रक दाखवून भांडण्यात अर्थ नाही.

बाकीचं बिल कशाचं? भट्टी चालवणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस, गाडी, अस्तराची झीज, राखेचं भांडं. दर वजनाप्रमाणे असतात, पण वजन दुप्पट म्हणून खर्च दुप्पट असं होत नाही. लठ्ठ लॅब्राडोर स्वतःच्या चरबीवर जळतो. तो तापलेल्या भट्टीत घातला तर एकदम भडका होऊन काळा धूर येतो, म्हणून जाणकार माणूस जड देह दिवसाच्या पहिल्या फेरीत, भट्टी कमी तापलेली असताना घेतो. उलट डीप फ्रीझरमध्ये गोठलेलं लहानसं मांजरही जास्त वेळ खातं. देह गोठवलेला असेल तर आधी सांगायचं.

पैसे खरोखर वाचवायचे असतील तर वाट ही: सकाळी पहिल्याच फेरीचा आग्रह धरू नका. आधीच्या फेरीने भट्टी तापलेली असेल तर तुमच्या वाट्याचा गॅस कमी होतो, आणि दर ठरवताना हे बोलता येतं. राख नको असेल तर सामूहिक दहन घ्या. त्यात तीन-चार देह एकत्र जातात, खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो. फोनवर चार गोष्टी विचारा: दर वैयक्तिक दहनाचा की सामूहिक, गाडीचे पैसे जाऊन-येऊन धरले की एकेरी, रात्रीचा वेगळा आकार आहे का, राखेचं भांडं दरात धरलंय की वेगळं. ‘लूट’ म्हणून ज्या तक्रारी कानावर येतात, त्यांतल्या बऱ्याच या चारपैकी एका न विचारलेल्या प्रश्नाच्या असतात.

लाकडावर स्वतः दहन करू म्हणणाऱ्यांसाठी: माणसाच्या सरणाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, पंचवीस किलोच्या कुत्र्याला शंभर ते दीडशे. पावसाळ्यात ओल्या लाकडावर देह अर्धवट राहतो आणि मग तो पुन्हा पुरावा लागतो. गावच्या स्मशानभूमीत समितीला न विचारता जनावर नेलं तर भांडण ठरलेलं.

‘मुंबईत फुकट.’ खरं आहे. मालाडला मुंबई महापालिकेची पाइपच्या गॅसवर चालणारी प्राणी दहन भट्टी २०२३ पासून आहे, क्षमता तासाला ५० किलो, शुल्क नाही. पैसे मुंबईकरांच्या करातून जातात एवढाच फरक. पण गोव्यातून मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर, आणि उन्हाळ्यात देह घेऊन बारा तासांचा प्रवास हा काही पर्याय नव्हे. आपल्याकडे नगरपालिका मेलेलं जनावर उचलते, गावात पंचायतीला कळवावं लागतं. ते सहसा पुरलं जातं, राख मिळत नाही. ज्यांना राख नको त्यांच्यासाठी हा स्वस्त पर्याय आहे, त्यात कमीपणा वाटून घेऊ नये. नेऊन कुठे ठेवणार, एवढं विचारून घ्या.

‘राख कोणाची कोण जाणे.’ शंका रास्त आहे, पण ती तपासता येते. राख देहाच्या वजनाच्या साधारण तीन ते साडेतीन टक्के निघते. पंचवीस किलोच्या कुत्र्याची पाऊण किलोच्या आसपास, चार किलोच्या मांजराची सव्वाशे-दीडशे ग्रॅम. मांजरासाठी किलोभर राख हातात पडली तर जाब विचारा. रंग करडा-पांढरा हवा. काळे तुकडे म्हणजे नीट जळलं नाही. राखेत दिसणारे कण हाडांचेच असतात, ती यंत्रात दळून देतात. वैयक्तिक दहन असेल तर भट्टीत घालताना आणि काढताना समोर उभं राहू देतात का, ते पैसे देण्याआधी ठरवा. देहाबरोबर क्रमांकाचा स्टीलचा बिल्ला भट्टीत घातला आणि राखेसोबत तोच परत आला तर उत्तम.

‘सकाळपर्यंत काही होत नाही.’ गोव्याच्या उकाड्यात आठ-दहा तासांत पोट फुगायला लागतं. दोन-तीन तासांत अंग ताठ होतं, म्हणून त्याआधी पाय पोटाशी दुमडून, डोकं आत वळवून ठेवा. नंतर जबरदस्ती केली तर सांधा मोडतो. तोंडातून आणि मागून द्रव येतो, खाली वर्तमानपत्रांचा जाड थर आणि जुने टॉवेल. पाण्याच्या बाटल्या गोठवून कापडात गुंडाळायच्या आणि पोटाला, मानेला, मांड्यांमध्ये लावायच्या. सुटा बर्फ नको, पाणी होऊन सगळं भिजतं. मासे विकणाऱ्याकडचा थर्माकोलचा मोठा खोका मांजराला किंवा आठ-दहा किलोच्या कुत्र्याला अगदी पुरतो. एसी असेल तर अठरावर. अंग थंड पडलं की पिसवा आणि गोचिड उतरून चालू लागतात, म्हणून घरातली दुसरी जनावरं बाजूच्या खोलीत. हातमोजे घाला. पावसाळ्यात तापाने गेलेल्या कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग होऊ शकतो, फरशी ब्लीचने पुसा. पार्वोने (कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाच्या विषाणूने) गेलेलं पिल्लू असेल तर त्या जागेत विषाणू वर्षभरही राहू शकतो. लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू तिथे आणू नका.

‘पिसाळलेलं असेल तर पुरून टाका.’ नाही. २०२१ मध्ये सरकारने गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, त्यात संशयित जनावरांच्या तपासणीचाही वाटा होता. खात्री मेंदूच्या नमुन्यावरूनच होते, आणि पुरलेल्या, कुजलेल्या देहाचा नमुना निरुपयोगी. पशुवैद्यकीय खात्याला लगेच कळवा, तोवर देह थंड ठेवा, लाळेला उघड्या हाताने शिवू नका. ज्याला चावलं किंवा ओरखडलं त्याने जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करायची, अहवालाची वाट बघायची नाही.

राहिलं आंब्याचं कलम. ते दहनानंतरच्या राखेवर लावायचं असेल तर लक्षात ठेवा: राख तीव्र अल्कलीधर्मी आणि खारी असते, सगळी एका खड्ड्यात ओतून वर कलम लावलं तर मुळं करपतात. एक वाटी राख, तीन घमेली माती आणि अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत एकत्र करून महिनाभर ठेवायचं, मग लावायचं. उरलेली राख जुन्या माडाच्या आळ्यात थोडी थोडी पसरली तर माडाला त्रास होत नाही.