‘जितकं नॅनो जास्त, तितका कोट पक्का’: नाही हो!

गेले काही दिवस बडोद्यातल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. दांडिया बाजारच्या काकांनी पाठवला, मग भाच्याने, मग एका कारखानदार गिऱ्हाइकाने. मजकूर थोडक्यात असा: इपॉक्सीत, म्हणजे फरशीला-लोखंडाला लावायच्या कडक होणाऱ्या लेपात, नॅनो (अतिसूक्ष्म कणांची) पावडर घाला, कोट दसपट मजबूत. पावडर जितकी जास्त, तितकी ताकद जास्त. कोट लावण्याआधी खाली घासाघासी नको. उन्हातही रंग जात नाही.

मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कोटिंगचंच काम करतो आणि नॅनो सिलिका, म्हणजे वाळूतल्याच पदार्थाची अतिसूक्ष्म पावडर, वापरतोही. म्हणून हा मेसेज जास्तच खुपला.

‘दसपट मजबूत’ म्हणजे नक्की काय दसपट? ओरखडा पडतो का हे पेन्सिलने बघतात, झीज फिरत्या चाकाखाली मोजतात, पकड चौकटी कापून किंवा ओढून तपासतात, वाकवून तडा जातो का ते वेगळंच. एक वाढलं की दुसरं वाढतंच असं नाही. कडकपणा वाढवताना लवचिकपणा जाऊ शकतो. खरी गोष्ट एवढीच की इपॉक्सी मुळात ठिसूळ असते आणि नीट विखुरलेले सिलिकाचे कण तडा पुढे सरकू देत नाहीत. तडा कणापाशी आला की कण रेझिनपासून (इपॉक्सीच्या मूळ चिकापासून) सुटतो, भोवतीचं रेझिन ताणलं जातं, आणि तड्याचा जोर तिथेच खर्च होतो.

आता ‘जितकी जास्त’. सगळी गफलत इथे आहे. 20 नॅनोमीटरच्या सिलिकाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे 135 चौरस मीटर भरतं, म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटपेक्षा मोठं. 20 मायक्रॉनच्या कणांचं त्याचा हजारावा भाग (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याचाही हजारावा). हे एवढं क्षेत्र रेझिनने भिजायला हवं. नाही भिजलं तर कण एकमेकांना धरतात आणि गुठळ्या होतात. कोरडी पावडर मिसळायची तर सहसा वजनाच्या 1 ते 5 टक्क्यांतच फायदा दिसतो. कार्बन नॅनोट्यूबना (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना) अर्धा टक्कासुद्धा पुष्कळ. कंपनीतच द्रव रेझिनमध्ये विखुरून आलेला सिलिका मात्र याहून बराच जास्त चालतो. म्हणजे प्रश्न टक्क्यांचा कमी आणि विखुरण्याचा जास्त.

मागे एका शेडमध्ये कारीगर बादलीत पावडर ओतून लाकडी काठीने ढवळत होता. ‘नॅनो नाखी दो ने साहेब, पछी चिंता नहीं!’ (नॅनो टाकून द्या ना साहेब, मग चिंता नाही!) मी गुठळ्या किती मोठ्या हे दाखवणारं हेगमन गेज काढलं. पोलादी ठोकळा, त्यात एका टोकाला 100 मायक्रॉन खोल आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर येणारी खाच. खोल टोकाला थेंब टाकून पट्टी ओढली. 60 मायक्रॉनच्या खुणेपाशीच दाण्यांच्या रेघा उमटल्या. 20 नॅनोमीटरच्या कणाच्या तीन हजारपट जाड गुठळी! ती ताकद देत नाही, तडा तिथूनच सुरू होतो. वर बादलीतला माल चक्क्यासारखा घट्ट झालेला, म्हणून गड्याने थिनर ओतलं. ते थिनर कोटात अडकून राहिलं की कोट मऊच पडणार. काठीने हे काम होत नाही. त्याला हाय-स्पीड डिस्पर्सर (वेगाने घुसळणारं यंत्र) किंवा तीन रोलची मिल लागते, आणि कणांवर सिलेनची (कण आणि रेझिन जोडणाऱ्या रसायनाची) प्रक्रिया केलेली असली तर उत्तम.

‘घासायची गरज नाही’ हे तर धोक्याचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी चढलं, त्यानंतर एका गोदामाची फरशी वाळू न देता कोट केली होती. पोपडा उचलून उलटा केला तर मागे सिमेंटची भुकटी चिकटलेली. कोट शाबूत होता, खालची कच्ची कातडीच सुटून आली होती. ती आधी ग्राइंडरने काढायला हवी होती आणि काँक्रीटचा ओलावा मीटरने बघायला हवा होता. लोखंड असेल तर ब्लास्टिंग, म्हणजे जोराने दाणे मारून पृष्ठभाग साफ करणं. कणाने यातलं काहीच टळत नाही.

उन्हाचं उत्तर सोपं. नेहमीच्या इपॉक्सीच्या रेणूतली बिस्फेनॉल नावाची कडी अतिनील किरण शोषते, म्हणून कोट पिवळा पडतो, खडूसारखा होतो. त्यात ॲनाटेज जातीचं नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड पडलं तर ऊन लागून ते रेझिनच खातं. उघड्यावर वरून ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा (उन्हात टिकणाऱ्या कोटाचा) हात मारा.

काकांनाही हेच लिहिलं. त्यांचा उलट प्रश्न आला, ‘मग आमच्या गच्चीला किती टक्के घालू?’