महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री? नाही भो, तसं नसतं

गेल्या काही दिवसांत एक मेसेज माझ्याकडे चार ग्रुपवरून आला, दोन जळगावचे, एक धुळ्याचा आणि एक आमच्या शाळेच्या बॅचचा. थोडक्यात असा: महापौर हा शहराचा मुख्यमंत्री, त्याला आपण निवडून देतो, पाच वर्षं तिजोरी त्याच्याच सहीने उघडते म्हणून रस्ता-पाणी-गटारीला तोच जबाबदार, बाई महापौर असली की कारभार ठप्प, आणि उपाय एकच, महापौर थेट जनतेतून निवडा. शेवटी "खरा खान्देशी असाल तर फॉरवर्ड करा". मी अस्सल जळगावचा आहे आणि फॉरवर्ड केला नाही, कारण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकलंय आणि अशा मेसेजमुळे आपण चुकीच्या दारात जाऊन भांडत बसतो.

"आपण निवडून देतो." मतदानाला गेलात तेव्हा महापौराचं बटण दिसलं का कोणाला? जळगावात २०१८ ला १९ प्रभाग होते, एक सोडून सगळे चार-चारचे, म्हणजे अ, ब, क, ड असे चार नगरसेवक निवडायचे, बस. असे ७५ जण सभागृहात जातात आणि ते महापौर निवडतात, तेही गुप्त चिठ्ठीने नाही, उघड हात वर करून.

आता आपल्याच शहरात काय झालं ते आठवा. १ ऑगस्ट २०१८ ला मतदान झालं, ३ तारखेला निकाल, भाजप ५७, शिवसेना १५, एमआयएम ३. एवढं घसघशीत बहुमत, कोणीही म्हणेल पाच वर्षं चिंता नाही. सीमा भोळे महापौर झाल्या, मग जानेवारी २०२० मध्ये भारती सोनवणे. आणि १८ मार्च २०२१ ला, कोरोनाचे दिवस, सभा ऑनलाईन, जिल्हाधिकारी पीठासीन अधिकारी, भाजपचे २७ नगरसेवक फुटून शहराबाहेर मुक्कामाला आणि तिथूनच मत. शिवसेनेच्या जयश्री महाजन यांना ४५, भाजपच्या प्रतिभा कापसे यांना ३०. बेरीज करून बघा, १५ अधिक २७ अधिक ३. त्या दिवशी एकाही मतदाराने बोट उचललं नव्हतं आणि शहराचा महापौर दुसऱ्या पक्षाचा झाला होता. व्हिप म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, तो मोडला की अपात्रता वगैरे कायदा आहे, १९८६ चा आहे, पण अर्ज जातो विभागीय आयुक्तांकडे, तिथे तारखा पडतात आणि इकडे टर्म संपत येते.

त्यात आरक्षण. महापौरपद खुलं की ओबीसी, महिला की सर्वसाधारण, हे आपण ठरवत नाही आणि पक्षही ठरवत नाही, मंत्रालयात नगरविकास खातं सोडत काढतं. २०२६ मध्ये तर १५ जानेवारीला मतदान, १६ ला निकाल आणि सोडत निघाली २२ ला. म्हणजे मत देताना कोणत्या प्रवर्गाचा महापौर होणार हेच माहीत नव्हतं, मग "आपण महापौर निवडला" हे कसं म्हणायचं?

"पाच वर्षं." नाही, अडीच. कायद्यातच अडीच आहे. आणि पक्षात इच्छुक जास्त असले की त्या अडीचचेही वाटे पडतात, एकाला सव्वा वर्ष, दुसऱ्याला सव्वा वर्ष. जळगावात सप्टेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२३ मध्ये तीन महापौर झाले. धुळ्यातही २०१८ ला भाजपचे ७४ पैकी ५० आले, फूट वगैरे काही नाही, तरी चंद्रकांत सोनार, प्रदीप कर्पे, प्रतिभा चौधरी असे तीन. सव्वा वर्षात माणूस फायली समजून घेईपर्यंत सत्कारच संपत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, "तिजोरी त्याच्या सहीने उघडते". हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. महापालिकेचा जो कायदा आहे, मूळ १९४९ चा, त्यात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. बजेट आयुक्त मांडतो, ते स्थायी समितीकडे जातं, समितीत १६ सदस्य, तिथून महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. खर्चाचे ठेके स्थायी समिती मंजूर करते. महापौर महासभेचा अध्यक्ष, मतं समसमान पडली तर त्याचं निर्णायक मत, आणि शहराचा प्रथम नागरिक. मान मोठा आहे, मी नाही म्हणत नाही, पण चेकबुक त्याच्या ड्रॉवरमध्ये नसतं.

माझाच अनुभव सांगतो. खान्देशातल्याच एका शहरात, नाव नको, नातेवाईकांच्या गल्लीत सहा पथदिवे बंद होते, पावसाळ्याचे दिवस, पोरी क्लासवरून यायच्या त्या मोबाइलच्या टॉर्चवर. मी अर्ज लिहून थेट महापौरांच्या दालनात गेलो. बाईंनी बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या शाईने लिहिलं, "विद्युत विभाग, तात्काळ कार्यवाही करावी". मला वाटलं झालं काम. विद्युत विभागातल्या साहेबांनी तो शेरा बघितला, आवक क्रमांक टाकला आणि म्हणाले, दादा, देखभालीचा ठेका संपलाय, नवीन निविदेची फाईल वर आहे. वर म्हणजे आयुक्तांकडे. पुढे प्रभागातल्या नगरसेवकाला घेऊन आम्ही पाच-सहा जण उपायुक्तांना भेटलो, फाईल हलली, मग दिवे लागले. त्या हिरव्या शेऱ्याची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. बाईंची नियत चांगली होती, पण त्यांच्या हातात शेराच होता.

आणि याहून मोठा पुरावा पाहिजे असेल तर सप्टेंबर २०२३ नंतरचे दिवस आठवा. जळगावात महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती, प्रशासक होते. घरपट्टीची बिलं आली, ठेके निघाले, पगार झाले. धुळ्यातही २०२३ संपता संपता तेच. मुख्यमंत्र्याविना राज्य दोन वर्षं असं चालेल का? बंद पडली ती महासभा, आणि तिथेच खरं नुकसान झालं, कारण अधिकाऱ्याला उभं करून सगळ्यांसमोर जाब विचारायची तीच एक जागा असते. महापौराला विचारायचंच असेल तर हे विचारा: किती सभा घेतल्या, अमृत पाणी योजनेच्या खोदकामावर चर्चा होऊ दिली की दहा मिनिटांत "मंजूर, मंजूर" करून राष्ट्रगीत उरकलं.

त्या "मंजूर"ला हलकं समजू नका. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, फिर्याद दिली ती २००६ ला तेव्हाच्या आयुक्तांनी, प्रवीण गेडामांनी, आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टाने ४८ जणांना दोषी धरलं, त्यात बहुतेक जण त्या काळचे नगरसेवक होते. पुढे अपिलं झाली तो भाग वेगळा. पण जबाबदारी एकट्या खुर्चीची नसते, हात वर करणाऱ्या प्रत्येकाची असते, हे आपल्या शहराएवढं कोणाला माहीत असायला पाहिजे?

"बाई महापौर असली की ठप्प" हे वाचून खरंच राग आला. नवरे, दीर, मुलं कारभारात लुडबुड करतात, हे मीही बघितलंय आणि ते थांबलंच पाहिजे. पण धुळ्यात सोनार आणि कर्पे पुरुषच होते ना, मग तेव्हा नळाला रोज पाणी यायचं का? अधिकार नसलेल्या खुर्चीवर कोणीही बसवा, फरक किती पडणार. आणि जयश्री महाजन २०२४ ला विधानसभेला स्वतः उभ्या राहिल्या, भाजपच्या राजूमामा भोळेंविरुद्ध हरल्या, पण लढल्या. महापौर झालं की आमदारकी-खासदारकी खिशात असं नसतं, हेही त्यातून दिसलंच, फडणवीस नागपूरचे महापौर होते किंवा मोहोळ पुण्याचे, म्हणून सगळ्यांचं तसंच होतं असं नाही.

राहिला उपाय, थेट निवड. नगरपालिकांत नगराध्यक्ष थेट निवडायचा प्रयोग २००१ ला झाला, २००६ ला बंद, २०१६ ला परत सुरू, २०२० ला बंद, २०२२ ला परत सुरू. सरकार बदललं की पद्धत बदलते. आणि नगराध्यक्ष एका पक्षाचा, सभागृह दुसऱ्याचं, असं झालं की ठराव अडकतात. मुंबई-नागपुरात १९९८ ला महापौर परिषद आणली होती, महापौराला खरे अधिकार दिले होते, वर्षभरात गुंडाळली. मला स्वतःला थेट निवड चालेल, मनापासून चालेल, पण आधी आयुक्ताचे काही अधिकार महापौराकडे द्या. नुसती निवड थेट केली तर लाखभर मतं घेतलेला माणूसही अर्जाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने शेराच लिहीत बसेल.

ग्रुपवर मी हेच टाकलं आणि खाली आमच्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांची नावं टाकली. साठ-सत्तर जणांच्या ग्रुपमध्ये ती चारही नावं आधीपासून माहीत असलेले तिघंच निघाले.