तेल म्हणजे तेलच ना?

बटाट्याचे काप चिरून, पुसून तयार. कढई तापतेय. तेलाची बाटली उलटी केली तर चार थेंब पडले. बुडावर थापटलं, पाचवा आला. बायको बाहेर गेलेली. कपाट उघडलं. आत तीन बाटल्या, प्रत्येकीत थोडं थोडं उरलेलं.

पहिली खोबरेलाची. उलटी केली, हलवली, ढिम्म. चोवीसेक अंशांच्या खाली हे तेल थिजतं, एवढं विज्ञान मला ठाऊक आहे. तरी चमच्याची दांडी घालून उकरायला गेलो. ती दांडी अजून आतच आहे.

दुसरं भाजलेल्या तिळाचं. झाकण उघडताच घरभर वास. हे शेवटी वरून दोन थेंब सोडायचं तेल. यात तळलं असतं तर बटाट्याला स्वतःचं नाव आठवलं नसतं.

तिसरं 'लाइट' ऑलिव्ह. हे मीच आणलेलं, वजन उतरवायला. म्हणून गेले सहा महिने सढळ हाताने ओततोय. आज पहिल्यांदा बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचलं. लाइट म्हणजे रंग आणि वास फिका! कॅलरी तेवढ्याच, टेबलस्पूनला १२०. रागाने बाटली कपाटात परत आपटली.

लोण्याच्या बाबतीतही मी असाच फसलोय. केकमध्ये लोण्याऐवजी तेवढंच तेल घातलं होतं. लोण्यात फॅट साधारण ८० टक्के, बाकी बरंचसं पाणी. म्हणजे १०० ग्रॅमला ८० ग्रॅम तेल पुरे. तो केक आम्ही पिळून खाल्ला.

शेवटी फ्रीजमध्ये एक काळी बाटली सापडली. ज्या अर्थी बायकोने एवढी जपून ठेवलीय, त्या अर्थी भारीतलंच असणार! सगळी ओतली. तळणाला १८० अंश तरी हवेत. या तेलाने त्याच्या कितीतरी आधीच धूर सोडला. डोळे चुरचुरायला लागले. मी घाईने बटाटे आत लोटले. का, ते विचारू नका.

तेवढ्यात बायको आली. दारातूनच म्हणाली, "घराला रंग काढलायस का?"

"तळतोय."

तिने रिकामी बाटली उचलली. "अरे, हे जवसाचं! कच्चं खायचं असतं. ११० अंशांच्या आतच धूर धरतं. ऑइलपेंटमध्ये हेच घालतात. ते लाइट ऑलिव्ह होतं ना? रिफाइंड असतं ते, तळायला मस्त चालतं."

"त्याच्याशी माझं भांडण झालंय."

तिने एक काप उचलून हुंगला आणि दिवाणखान्यातल्या भिंतीचा पोपडा कुठे निघालाय, ते बघायला गेली.